वापरलेली गाडी घेताना वाढीव वॉरंटी घ्यावी का? (इंदूर)

रामबागकरीण

नमस्कार मंडळी. सेकंड हँड गाडी घ्यायचं जवळजवळ ठरलंय आणि घोडं अडलंय ते एका कागदावर. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गाडी पेट्रोल टर्बो, कॉम्पॅक्ट एसयूव्ही, ऑटोमॅटिक (सात गिअरची डीसीटी, म्हणजे दोन क्लचवाली), डिसेंबर २०२१ ची, फर्स्ट ओनर, एमपी ०९ (इंदूर पासिंग), ४१ हजार किलोमीटर चाललेली. देवास नाक्याकडे जुन्या गाड्यांचा एक मोठा डीलर आहे, त्याच्याकडे उभी आहे. ८ लाख ४० हजार सांगतोय. आईबाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे उंच बसायची गाडी हवी आणि इंदूरच्या ट्रॅफिकमध्ये मला क्लच नको. सासर पुण्याला. म्हणजे सेंधवा, बिजासन घाट, धुळे हा रस्ता नेहमीचा. रात्रीच्या वेळी दोन म्हातारी माणसं सोबत असताना घाटात गाडी बंद पडली तर काय, ही माझी खरी काळजी.

कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी डिसेंबर २०२४ मध्ये संपली, असं डीलर म्हणतो. तो किमतीशिवाय आणखी २४,९०० रुपयांत एक वर्षाची (किंवा १५ हजार किमी) एक्स्टेंडेड वॉरंटी देतोय. ‘इंजिन-गिअरबॉक्स सगळं कव्हर, लोनमध्येच टाकून देतो मॅडम, कळणारही नाही.’ नवरा म्हणतो घेऊन टाक, डोक्याला ताप नको. बाबा म्हणतात, तेच पैसे बँकेत ठेव. मला दोघांचंही पटतंय, म्हणून विचारते. घ्यावी का?

सियागंज

ताई, त्या वॉरंटीचा कागद हातात आलाय का? गुळगुळीत रंगीत पत्रक नव्हे, नियम-अटींचा पूर्ण कागद. तो आल्याशिवाय घ्यावी की न घ्यावी याला उत्तरच नाही. विकणाऱ्याच्या तोंडचं ‘सगळं कव्हर’ क्लेमच्या दिवशी कोणी ऐकून घेत नाही.

लष्करकर

ग्वाल्हेरहून लिहितोय. माझ्या मेव्हण्याने गेल्या वर्षी जुनी सेडान घेतली, अशीच बाहेरच्या कंपनीची वॉरंटी घेऊन. शिवपुरीच्या अलीकडे गिअर पडेना. टो करून ओळखीच्या गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने भल्या मनाने त्याच संध्याकाळी गिअरबॉक्स उतरवून उघडला. दुसऱ्या दिवशी क्लेमसाठी फोन केला तर उत्तर आलं, आमच्या मंजुरीशिवाय उघडलंय, क्लेम बाद. कागदावर तसं खरंच छापलेलं होतं, सातव्या की आठव्या कलमात. दोष गाडीत होता, वॉरंटी चालू होती, आणि तरी सगळा खर्च त्याच्याच खिशातून गेला.

म्हणून कलमं वाचाच. गाडी कुठे बंद पडली तर कुठल्या वर्कशॉपला न्यायची, टोचा खर्च कोणाचा, उघडून बघायची मजुरी कोणाची, हे तीन प्रश्न आधी विचारा.

पीथमपूर जनरल शिफ्ट

मी पीथमपूरला गिअरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. वॉरंटीचं नंतर बघू, आधी डीसीटीबद्दल सविस्तर लिहितो, कारण ताईंच्या गाडीत पैशाचा प्रश्न तिथेच आहे.

मॅन्युअल गाडीत लवकर झिजते ती क्लच प्लेट, आणि क्लच प्लेट सहसा वॉरंटीत धरत नाहीत. ती झिजणारी वस्तू. ब्रेक पॅड, वायपर, टायर, बॅटरी, बल्ब, फिल्टर, रबरी बुश हेही तसेच. त्यामुळे साध्या मॅन्युअल पेट्रोल गाडीवर वाढीव वॉरंटी घेण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. धोका मोठा, पण दुर्मीळ.

डीसीटीचं गणित वेगळं. तिच्यात दोन क्लच असतात, एक विषम गिअरांचा, एक सम गिअरांचा, आणि ते दाबायचं-सोडायचं काम तुमचा पाय न करता एक इलेक्ट्रॉनिक युनिट करतं. छोट्या इंजिनांच्या बऱ्याच डीसीटी ‘ड्राय’ असतात, म्हणजे क्लच तेलात बुडालेले नसतात, हवेनेच थंड होतात. राजवाड्यापाशी संध्याकाळी गाडी इंच इंच सरकते तेव्हा क्लच अर्धवट पकडीत राहतो आणि तापतो. ब्रेकवरून पाय जरासा उचलून, परत दाबून गाडी सरकवणारा चालक असेल तर ४१ हजारांतच क्लचची हालत खराब असू शकते. आणि समंजस हाताखालची डीसीटी लाखभर किलोमीटर कुरकुर न करता चालते. म्हणजे आधीचा मालक गाडी कशी चालवायचा, यावर सगळं आहे, आणि ते मीटरवर दिसत नाही.

पण चालवून पाहिल्यावर बरंच कळतं. डीलर पाच मिनिटांची फेरी मारून आणतो, तिचा उपयोग नाही. अशी तपासा :

सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू होताना तुम्ही तिथे हजर राहा. बोनेटला हात लावून बघा, गरम असेल तर त्यांनी आधीच सुरू करून ठेवलीय. मग अर्धा-पाऊण तास गर्दीतून फिरवा, पलासिया, रिगल, राजवाडा. गरम झाल्यावर सपाट रस्त्यावर ब्रेक सोडा आणि ॲक्सिलरेटरला पाय न लावता तिला सरकू द्या. गाडी गुळगुळीत सरकली पाहिजे. अंगाला कापरं भरल्यासारखी थरथरली तर क्लचची शंका घ्या. पहिल्याचा दुसरा गिअर पडताना धक्का बसतो का ते बघा. डी (पुढे) मधून आर (मागे), आर मधून डी, थांबून थांबून चार-पाच वेळा टाका, मध्ये रेंगाळते का, ठक् आवाज येतो का. एखाद्या चढावर रिव्हर्स घ्या. डीसीटीचे इलेक्ट्रॉनिक युनिटचे बरेचसे दोष थंड गाडीत लपतात आणि तापल्यावर बाहेर येतात, म्हणून हा वेळ काढाच.

दुसरं, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) लावून घ्या. चांगल्या गॅरेजवाल्याकडे असतो. साठवलेले फॉल्ट कोड तर बघाच, पण रेडीनेस मॉनिटरही (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का, ते दाखवणारे) बघायला सांगा. गाडी नेहमीसारखी वापरात असेल तर ते पूर्ण दिसतात. बरेचसे ‘अपूर्ण’ दिसले तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढून लावलीय. डीलरकडे उभ्या गाडीची बॅटरी उतरणं शक्य आहे, म्हणून लगेच आरोप करू नका. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर परत स्कॅन करायची अट घाला.

हे सगळं करून गाडी पास झाली तर मग वॉरंटीचा विचार. नापास झाली तर वॉरंटीसकट सोडून द्या. विकत घेताना असलेला दोष अशी बाहेरची वॉरंटी सहसा भरून देत नाही, तो ‘आधीपासूनचा’ म्हणून बाजूला टाकतात.

रामबागकरीण

किती सविस्तर लिहिलंत दादा, मनापासून आभार. प्रिंट काढून नवऱ्याच्या हातात दिलाय.

आज कागद मागितला. आधी ‘पैसे भरल्यावर मेलवर येतो’ म्हणाले. मी म्हटलं, वाचल्याशिवाय पैसे नाहीत. मग मॅनेजरने व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यातलं महत्त्वाचं :

एका क्लेमला जास्तीत जास्त २५,०००. वर्षभरात सगळे मिळून ७५,०००. पहिले १५ दिवस कव्हर नाही. क्लेममध्ये पार्टची किंमत, मजुरी नाही. पार्टच्या किमतीतूनही गाडीच्या वयाप्रमाणे घसारा. उघडून बघायचा खर्च ग्राहकाचा, क्लेम मंजूर झाला तर परत. टर्बो कव्हर आहे. गिअरबॉक्समध्ये ‘अंतर्गत यांत्रिक भाग’ कव्हर, ‘इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट, ॲक्च्युएटर, क्लच असेंब्ली’ वगळलेले.

शेवटची ओळ मी परत परत वाचली. ‘गिअरबॉक्स कव्हर’ म्हणजे हेच का?

पीथमपूर जनरल शिफ्ट

हेच. डीसीटीत बिघडतं ते नेमकं त्यांनी वगळलंय. आतले पोलादी गिअर आणि शाफ्ट सहसा गाडीच्या आयुष्यभर टिकतात, त्यांचं कव्हर देणं त्यांना परवडतं. इलेक्ट्रॉनिक युनिट किंवा क्लचचा पूर्ण सेट बदलायचा तर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बिल लाखाच्या पुढे जाऊ शकतं. आणि ते कव्हर असतं तरी २५ हजारांची मर्यादा, वजा घसारा, वजा मजुरी. हाती काय उरतं ते तुम्हीच बघा.

पासबुक

बँकेत वाहन कर्जाच्या टेबलवर बसतो, म्हणून फक्त एका मुद्द्यावर. ‘लोनमध्ये टाकून देतो’ हे मुळीच ऐकू नका. २४,९०० रुपये १३ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जात गेले की महिन्याला साधारण ५६७ रुपये हप्ता वाढतो, पाच वर्षांत सुमारे ३४,००० भरले जातात. वॉरंटी संपणार पहिल्या वर्षी, हप्ते चालणार पुढची चार वर्षं. घ्यायचीच असेल तर वेगळा चेक द्या, वेगळी पावती घ्या. कर्जाच्या मंजुरीपत्रात गाडीची किंमत, विमा, आरटीओ आणि ‘इतर’ असे रकाने असतात. त्या ‘इतर’मध्ये काय बसवलंय ते सही करण्याआधी विचारा. लोक विचारत नाहीत आणि आम्हाला रोज दिसतं.

ज्यांना वॉरंटी न घेता राखीव पैसा ठेवायचाय त्यांनी गाडीच्या नावाने महिना दोन हजारांची आरडी उघडावी. वर्षात २४ हजार आणि वर व्याज, आणि त्यातून क्लच, टायर, बॅटरी, काहीही करता येतं. वॉरंटीच्या पैशातून टायर येत नाहीत.

अकोटा स्टेडियम

मी बडोद्याची. सगळे विरोधात बोलताहेत म्हणून दुसरी बाजू मांडते. आम्ही २०२३ मध्ये कंपनीच्याच सर्टिफाइड विभागातून जुनी हॅचबॅक घेतली, एक वर्षाची वॉरंटी किमतीतच होती. चार-पाच महिन्यांनी इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मोटर गेली. स्टिअरिंग इतकं जड झालं की मला एकटीला वळवेना. कंपनीच्या वर्कशॉपने आख्खं युनिट बदलून दिलं, एक पैसा घेतला नाही. बाहेर करायला गेले असते तर घरचं बजेट कोलमडलं असतं.

वॉरंटी वाईट नसते, पण कोणाची आहे ते बघा. ज्याने गाडी बनवली त्याचीच वॉरंटी, त्याचंच वर्कशॉप आणि त्याचाच पार्ट असेल तर भांडायला तिसरा कोणी उरत नाही.

सियागंज

सहमत. त्या ‘कोणाची’वरच सगळं उभं आहे. माझ्या समजुतीप्रमाणे बाजारात तीन जातीच्या वॉरंट्या मिळतात. पहिली गाडी बनवणाऱ्या कंपनीची, बडोद्याच्या ताईंनी वर सांगितली ती. दुसरी, जिच्या मागे विमा कंपनी उभी असते. कागदावर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसीचा यूआयएन क्रमांक (विमा उत्पादनाचा ओळख क्रमांक) छापलेला असतो, तो शोधायचा. तिसरी, डीलरने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेली. डीलरने दुकान गुंडाळलं की तो कागद रद्दी. जुन्या गाड्यांचे मोठमोठे झगमगीत शोरूम उघडतात आणि दोन वर्षांत शटर खाली, हे इंदूरने पाहिलंय.

निवृत्त सर्व्हेअर

मी बडोद्याला मोटार विम्याचा सर्व्हेअर होतो. रामबागकरीणबाई, तुमचा प्रश्न वॉरंटीचा आहे, पण विमा आणि वॉरंटी यांची गल्लत फार होते म्हणून लिहितो.

मोटारीचा कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा (नुसता थर्ड पार्टी नव्हे) अपघात, चोरी, आग, पूर यांचं नुकसान भरतो. आपोआप बिघडलेला भाग, झीज, यांत्रिक किंवा विजेचा बिघाड भरत नाही. वॉरंटी नेमकी उलट : आतला दोष बघते, बाहेरून आलेलं संकट बघत नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी परत परत स्टार्ट केली, सिलिंडरमध्ये पाणी गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर ना वॉरंटी पैसे देते ना साधा विमा. त्यासाठी विम्यात ‘इंजिन प्रोटेक्ट’ हा वेगळा ॲड-ऑन असतो. मी तुमच्या जागी असतो तर २४,९०० मधला थोडा भाग त्या ॲड-ऑनवर आणि उपलब्ध असेल तर झीरो डेप्रिसिएशनवर (क्लेममध्ये पार्टचा घसारा न कापणारा ॲड-ऑन) लावला असता. इंदूरलाही पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी भरतंच.

आता पुराच्या गाड्यांबद्दल. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या बडोद्यात शिरलं तेव्हा सोसायट्यांच्या तळघरांत रांगेने गाड्या बुडालेल्या मी स्वतः पाहिल्या. त्याआधी २०१९ चा पूर होताच. अशा गाड्या धुऊन, पॉलिश करून दुसऱ्या राज्यात विकल्या जातात. तुमची एमपी ०९ आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पाणी कुठेही लागू शकतं. सीटबेल्ट टोकापर्यंत पूर्ण ओढून बाहेर काढा. वरचा भाग स्वच्छ आणि आत गुंडाळलेल्या भागावर मातकट रेघ दिसली तर तेवढ्या उंचीपर्यंत पाणी होतं. ड्रायव्हर सीटच्या खालचे बोल्ट आणि सीटची पट्टी बघा, चार वर्षांच्या गाडीत तिथे गंज असायचं कारण नाही. स्टेपनी उचलून खालची खोबण बघा, कोपऱ्यांत गाळ राहतो. कार्पेटचा कोपरा उचलून नाकाने वास घ्या. डॅशबोर्डखालचे वायरचे कनेक्टर हिरवट दिसले तर गाडी तिथेच सोडा, कारण पाणी लागलेल्या वायरिंगचा त्रास वर्षभराने सुरू होतो आणि कुठलीही वॉरंटी त्याला हात लावत नाही.

मागच्या क्लेमचा इतिहासही मागून घ्या. चालू पॉलिसीवर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) शून्य असेल तर कारण विचारा. आणि तो बोनस गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही, तो जुन्या मालकाचा असतो. पॉलिसी आपल्या नावावर करायचा अर्ज गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत द्यायचा असतो.

पीथमपूर जनरल शिफ्ट

काका, सीटबेल्टचं लाख मोलाचं सांगितलंत.

ताई, मघापासून एक गोष्ट मनात घोळतेय. कंपनीची तीन वर्षं संपली असं *डीलर* म्हणतो. पहिल्या मालकाने नवी घेतानाच कंपनीची वाढीव वॉरंटी घेतली होती का? नव्या गाडीच्या बिलात ती बरेचदा जोडलेली असते आणि मालक विसरूनही जातो. अशी वॉरंटी बहुधा गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जाते. आरसीवरचा चेसिस नंबर घ्या आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. वॉरंटी कुठपर्यंत आहे आणि सर्व्हिसचा पूर्ण इतिहास, दोन्ही तिथे पडद्यावर दिसतं. मीटर मागे फिरवलंय का तेही त्याच इतिहासात कळतं.

लष्करकर

आणि तारीख बघताना लक्षात घ्या, कंपनीची वॉरंटी ग्राहकाला गाडी ताब्यात मिळाल्यापासून मोजतात, बनवल्याच्या महिन्यापासून नाही. आमच्या ग्वाल्हेर व्यापार मेळ्यातल्या गाड्यांचं हेच होतं. २०२४ आणि २०२५ च्या मेळ्यात रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट होती, त्यामुळे लांबलांबची माणसं इथून गाड्या घेऊन गेली. एमपी ०७ ची (ग्वाल्हेर पासिंग) वर्ष-दीड वर्षाची गाडी इंदूरच्या डीलरकडे दिसली तर बिचकू नका, मेळ्याची असेल. अशा गाडीवर कंपनीची मूळ वॉरंटीच शिल्लक असते, वरून दुसरी विकत घ्यायची गरजच नाही. मारुतीने तर जुलै २०२४ पासून मूळ वॉरंटीच दोन वर्षं / ४० हजारांवरून तीन वर्षं / एक लाख किमी केलीय.

रामबागकरीण

मंडळी, सर्व्हिस सेंटरला जाऊन आले. बसून लिहिते.

पहिल्या मालकाने दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घेतलेली निघाली! मूळ तीन अधिक दोन, डिसेंबर २०२६ पर्यंत, एक लाख किलोमीटरची मर्यादा. म्हणजे डीलर मला असलेल्या वॉरंटीवर दुसरी, कमी दर्जाची विकत होता. त्याला माहीत नव्हतं की माहीत असून गप्प बसला, ते मला कळायला मार्ग नाही, पण राग आला.

आता अडचण. इतिहासात २०२२ ची सर्व्हिस ९,८०० किमीला, २०२३ ची १९,४०० ला, आणि त्यानंतर थेट २०२५ मध्ये ४०,२०० ला. मधली २०२४ ची नाही. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, ‘सिस्टमला वॉरंटी चालू दिसतेय, पण सर्व्हिस चुकल्यामुळे बिघाड झाला असं निघालं तर क्लेम नाकारला जाऊ शकतो.’ मग आता ही वॉरंटी आहे म्हणायची की नाही?

तारीख पे तारीख नको

इंदूरच्या ग्राहक आयोगात वकिली करतो, म्हणून सांगतो : हे बोलणं आत्ताच लेखी करून घ्या. सर्व्हिस सेंटरला मेल करा. गाडीचा चेसिस नंबर, वॉरंटीची तारीख, चुकलेली सर्व्हिस, सगळं लिहा आणि एकच प्रश्न विचारा : आजच्या स्थितीत वॉरंटी लागू आहे का, आणि असेल तर कुठल्या भागांना नाही? मेलला मेलनेच उत्तर घ्या. ‘चालू आहे’ असं त्यांच्या मेलवर आलं की पुढे त्यांना तो शब्द गिळता येणं अवघड.

पुढे वाद झालाच तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुमच्या बाजूचा आहे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. कित्येक प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस गुडगावला असो की चेन्नईला. वस्तूसाठी तुम्ही मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग ऐकतो. फी ५ लाखांपर्यंत काहीच नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. ऑनलाइनही दाखल होते.

एक मात्र ध्यानात ठेवा, हे सगळं धंदा म्हणून गाडी विकणाऱ्याविरुद्ध. शेजाऱ्याने स्वतःची गाडी विकली आणि आठवड्यात बंद पडली तर सहसा ग्राहक आयोगात जाता येत नाही.

पीथमपूर जनरल शिफ्ट

वकीलसाहेब म्हणतात तो मेल कराच. शिवाय डीलरला सांगा, जुन्या मालकाला फोन लावून २०२४ ची सर्व्हिस कुठे झाली ते काढा. बाहेरच्या गॅरेजचं बिल असेल आणि त्यात तेलाचा ग्रेड, फिल्टर, तारीख, किलोमीटर लिहिलेलं असेल तर बाजू पुष्कळ भक्कम होते. २०,८०० किलोमीटर एकाच तेलावर टर्बो इंजिन चाललं असेल तर मला वॉरंटीपेक्षा इंजिनचीच काळजी वाटेल. ऑइल फिलरचं झाकण उघडून आत काळा चिकट थर आहे का बघा.

रामबागकरीण

थोडं थांबावं लागलं, पण काम झालं.

बिल मिळालं. जुना मालक ते वर्ष भोपाळला होता, तिथे एका बाहेरच्या गॅरेजमध्ये २९,७०० किमीला तेल आणि फिल्टर बदललेत, ग्रेड कंपनीचाच. ते बिल जोडून मेल केला. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, गाडी तपासणीला आणा, तपासणीचे पैसे भरा, मग लेखी देतो. आणली. लिफ्टवर चढवली तेव्हा मी खालीच उभी होते. टेक्निशियनने गिअरबॉक्सच्या बाजूला टॉर्च मारून दाखवली : सील कोरडी, तेलाचा थेंबही नाही. पुढच्या डाव्या लोअर आर्मचा बुश मात्र फाटलेला, रबर बोटाने वर उचलून दाखवलं. स्कॅनमध्ये कोड नाहीत, मॉनिटर पूर्ण. सीटबेल्ट, स्टेपनीची खोबण, सीटखालचे बोल्ट, काकांनी सांगितलेलं सगळं बघितलं. स्वच्छ.

गरम करून चालवली. नवरा चालवत होता, मी कागदावर खुणा करत होते. राजवाड्याला दिवाळीची गर्दी, याहून चांगली परीक्षा कुठली! कुठेही थरथर नाही.

काल मेल आला : वॉरंटी डिसेंबर २०२६ पर्यंत लागू, क्लच आणि झिजणारे भाग सोडून, गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटसह, पुढच्या सर्व्हिस वेळेवर अधिकृत ठिकाणी करायच्या अटीवर.

डीलरची वॉरंटी नाकारली. बुश आणि दोन जुने टायर दाखवून (टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, दोन टायर २०२१ चेच होते) १८ हजार कमी करून घेतले. इंजिन प्रोटेक्टसह नवा विमा काढतेय. पासबुकदादा, आरडी बाबांनी स्वतःच्या नावाने उघडलीय, मला विचारलंही नाही.

कारेलीबाग

अभिनंदन. पण मी थोडा असहमत. डिसेंबर २०२६ नंतर काय? त्यानंतर डीसीटी गेली तर आरडीत तेवढे पैसे साठलेले नसतील. मी असतो तर कंपनी आणखी पुढची वाढ देते का ते आत्ताच विचारलं असतं. काही कंपन्या मूळ वॉरंटी चालू असतानाच वाढ देतात, काही नंतरही तपासणी करून देतात.

रामबागकरीण

विचारलं होतं. आत्ताची संपायच्या आत तपासणी करून आणखी एक वर्ष मिळू शकतं, म्हणाले. रक्कम तेव्हाच्या दराने. मोबाइलमध्ये ऑक्टोबर २०२६ ची आठवण लावून ठेवलीय.

तारीख पे तारीख नको

आरसी तुमच्या नावावर झाली की तिची प्रत देऊन वॉरंटीवरही नाव बदलून घ्या. काही कंपन्या यासाठी ठरावीक दिवसांची मुदत ठेवतात, थोडी फी घेतात. जुन्या मालकाच्या नावावर वॉरंटी तशीच राहू देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० ची (गाडी नावावर करायचे आरटीओचे अर्ज) झेरॉक्स, डीलरची पावती आणि तो मेल एका फायलीत ठेवा.

नवा सभासद

धागा पूर्ण वाचला, खूप उपयोगी. मी इंदूरलाच सुदामा नगरला. २०१७ ची डिझायर बघतोय, पेट्रोल मॅन्युअल, १ लाख १० हजार किमी, ओळखीच्या माणसाकडून. एकजण १४ हजारांत एक वर्षाची बाहेरची वॉरंटी देतोय. घेऊ का?

पीथमपूर जनरल शिफ्ट

नको. एवढ्या किलोमीटरला मॅन्युअल गाडीत निघणारी कामं म्हणजे क्लच, सस्पेन्शनचे बुश, इंजिन माउंटिंग, आणि ती सगळी झिजेत मोडतात. तेच १४ हजार हाताशी ठेवा. घेण्याआधी चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर एकदम दाबून बघा : इंजिनचा आवाज वाढला आणि गाडीचा वेग वाढला नाही तर क्लच संपलाय. तो खर्च किमतीतून कमी करून मागा.